अर्ध्या गुणाची बाजी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्हास्तरीय शालेय बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी सुरू व्हायची होती. आमच्या शाळेची आठवीतली एक मुलगी पाच फेऱ्यांत चार गुण मिळवून वरच्या पटावर बसणार होती. पहिल्या पाच मुलींची निवड विभागीय स्पर्धेसाठी होणार होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. अर्धा गुण मिळाला तरी ती पाचांत बसत होती; हरली तर सगळे अधांतरी. डबा खाता खाता आम्ही तिला सांगितले, "बेटा, उगाच धोका पत्करू नकोस. सात-आठ चाली खेळ आणि बरोबरी विचार." समोरच्या मुलीच्या शिक्षकांनीही हाच हिशोब केला असावा. घड्याळ सुरू झाले, दोघींनी घोडे बाहेर काढले, उंट काढले, आठव्या चालीला हात मिळवले आणि दहा मिनिटांत बाहेर येऊन शेंगदाणे खात बसल्या.

तिसऱ्या पटावर मात्र खेळ चालूच होता. तिथे एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेची मुलगी खेळत होती. तिचे साडेतीन गुण होते. तिला जिंकणे भाग होते आणि ती जिंकण्यासाठीच खेळत होती. आधी एक प्यादे जास्त मिळवले, मग हत्तींची मारामारी झाली, मग तेही प्यादे गेले. दीड तासाने पटावर दोन राजे तेवढे उरले. साडेतीन अधिक अर्धा, चार. ती सहावी आली. आमची मुलगी साडेचार गुणांवर पाचवी. आमच्या पटावर डाव खरोखर खेळला गेला असता आणि दोघींपैकी एक हरली असती, तर हरणारीही चारावरच थांबली असती आणि त्या सहाव्या मुलीला काहीतरी संधी उरली असती.

एस.टी.त परतताना आमची मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "सर, तिचा अर्धा आणि माझा अर्धा सारखाच का हो?"

आम्ही भाषा शिकवतो, गणित नाही. शिवाय बरोबरी मागायचा सल्ला आमचाच होता. त्यामुळे त्या वेळी उत्तर दिले नाही. पण नंतर वाचत गेलो तेव्हा कळले, की हा प्रश्न त्या मुलीचा एकटीचा नव्हे. बुद्धिबळाच्या जगात तो दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्यावर गुण बदलण्याचे नाना उपाय करून झाले आहेत.

आधी बरोबरी होते कशी ते पाहू, कारण घरात मुले खेळत असली तरी हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसते. डाव बरोबरीत सुटण्याचे मुख्य रस्ते पाच. ज्याची पाळी आहे त्याला शह नाही, पण कुठे हलायलाही जागा नाही, ही झाली जिच. दुसरा रस्ता, मात करण्याइतके मोहरेच दोघांकडे न उरणे. तिसरा, तीच स्थिती पटावर तीनदा येणे. चौथा, ५० चालींत ना कोणी मोहरा मारला ना प्यादे हलवले. आणि पाचवा म्हणजे, "बरोबरी?" "हो, बरोबरी." पहिल्या चारांत पट बोलतो, पाचव्यात माणसे बोलतात. सगळी भानगड या पाचव्यात आहे.

अर्ध्या जितीची जुनी गोष्ट

उर्दूत बरोबरीत सुटलेल्या बाजीला 'कायम' म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे: दोघेही आपापल्या जागी कायम. पण आणखी एक शब्द आहे, 'बुर्द'. समोरच्याचे सगळे मोहरे मारले, बादशहा एकटा उरला, पण मात झाली नाही, तर ती बुर्द. म्हणजे पुरी नाही, अर्धी जीत. आमचे अब्बा आणि शेजारचे चाचा असरनंतर ओट्यावर शतरंज मांडून बसत, तेव्हा हरणाऱ्याने चहा पाजायचा असा करार असे. मात झाली तर चहाबरोबर खारी. बुर्द झाली तर नुसता चहा. गुणांची पद्धत म्हणून ही वाईट नव्हती. कोण किती वरचढ ठरला, ते खारीवरून समजत असे.

त्याही मागे गेलो तर अरबांच्या शतरंजमध्ये नियम आणखी कडक होते. नवव्या शतकात अल-अदलीने या खेळावर ग्रंथ लिहिला. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये खलीफा अल-मुक्तफीच्या दरबारात अबू बक्र अस-सूली हा सर्वांत मोठा खेळाडू मानला जाई. त्यांच्या शतरंजमध्ये समोरच्याचा बादशहा एकटा पाडला की बाजी जिंकली. मात्र पुढच्याच चालीत त्यालाही तसेच करता आले तर बरोबरी. जिच झाली तर ज्याला हलता येत नाही तो हरला. आज हे नियम विचित्र वाटतील, पण त्यामागे कारण होते. त्या काळचा वजीर तिरका एकच घर चालत असे, त्यामुळे मात करणे फार कठीण. असे नियम नसते तर निम्म्या बाज्यांचा निकालच लागला नसता. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आजची ताकद मिळाली, मात करणे सोपे झाले आणि एकट्या राजाचा नियम तिकडे मागे पडला.

नव्या काळातल्या स्पर्धा सुरू झाल्या त्या १८५१ मध्ये लंडनमध्ये. तिथे हरलेला बाद होत असे आणि बरोबरी मोजलीच जात नसे. १८६२ मध्ये लंडनमध्येच प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळण्याची स्पर्धा झाली, तेव्हा बरोबरीचा डाव पुन्हा खेळायचा असे ठरले. १८६७ मध्ये पॅरिसच्या आयोजकांनी सरळ दोघांनाही शून्य दिले. आणि त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात दोघांना अर्धा-अर्धा गुण दिला गेला. आज आपण ज्याला नैसर्गिक समजतो तो अर्धा गुण तेव्हा अनेक उपायांपैकी एक उपाय होता. १८८३ मध्ये लंडनला पुन्हा प्रयोग झाला: पहिल्या दोन बरोबऱ्या रद्द, डाव पुन्हा खेळा, तिसऱ्यांदाही बरोबरी झाली तरच अर्धा-अर्धा. १९०१ मध्ये मॉन्टे कार्लोला तर पाव गुण आला. बरोबरी झाली की दोघांना पाव-पाव, मग डाव पुन्हा. त्यात जिंकणाऱ्याला आणखी अर्धा, पुन्हा बरोबरी झाली तर आणखी पाव-पाव. तिथला विजेता यानोव्स्की १०.२५ गुणांनी पहिला आला. किराणा दुकानाच्या वहीत शोभेल असा हा हिशोब फार टिकला नाही. पुन्हापुन्हा खेळून खेळाडू थकत, वेळापत्रक कोलमडे. शेवटी डंडीचा अर्धा गुण जगभर रुळला.

क्युरासाओच्या बारा बरोबऱ्या

१९६२ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ बेटावर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवण्यासाठी आठ खेळाडू जमले. प्रत्येकाने प्रत्येकाशी चार डाव खेळायचे. उकाडा असह्य, माजी जगज्जेता मिखाईल ताल आजारी पडून अर्ध्यातून बाहेर पडला. या स्पर्धेत सोव्हिएत संघाचे तिघे, पेत्रोस्यान, केरेस आणि गेलर, आपसात बारा डाव खेळले आणि बाराच्या बारा बरोबरीत सुटले. सरासरी १९ चालींत. इतर खेळाडू घाम गाळत असताना हे तिघे आपसातल्या डावांच्या दिवशी विश्रांती घेत होते, असे म्हटले तरी चालेल. पेत्रोस्यान १७.५ गुणांनी पहिला आला, केरेस आणि गेलर १७ गुणांवर राहिले आणि अमेरिकेचा १९ वर्षांचा बॉबी फिशर १४ गुणांनी चौथा. फिशरने त्याच ऑगस्टमध्ये एका अमेरिकी साप्ताहिकात लेख लिहून रशियनांनी जागतिक बुद्धिबळ आधीच ठरवून टाकले आहे असा आरोप केला. त्याची दखल अशी घेतली गेली, की पुढच्या वेळेपासून आव्हानवीर ठरवण्यासाठी सर्वांची एकत्र स्पर्धा न घेता दोघा-दोघांच्या लढती सुरू झाल्या. ३० चालींपूर्वी बरोबरी नको असाही नियम आला. मात्र लोकांनी तीच स्थिती तीनदा आणून तो निकामी केला आणि तो मागे घ्यावा लागला.

इथे आम्ही एक उद्योग केला. हल्ली जी फुटबॉलची मोजणी सुचवली जाते, म्हणजे विजयाला तीन, बरोबरीला एक, ती क्युरासाओला लावून पाहिली. पेत्रोस्यानने आठ डाव जिंकले, १९ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही: ४३ गुण. फिशरनेही आठच जिंकले, १२ बरोबरी आणि सात पराभव: ३६ गुण. म्हणजे क्रम तसाच. नव्या मोजणीने फिशर वर आला नसता. त्याला खाली ठेवले ते बरोबऱ्यांइतकेच त्याच्या सात पराभवांनी. तरुणपणी फिशरवर जीव टाकणाऱ्या आमच्यासारख्यांना हे जरा लागले, पण हिशोब तो हिशोब.

मग बरोबरीला काहीच किंमत न देणे हा उपाय? तोही करून झाला आहे. १९२७ मध्ये कापाब्लांका आणि अलेखिन यांच्या लढतीत आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, बरोबरी मोजायची नाही, असा नियम होता. ३४ डावांपैकी २५ बरोबरीत सुटले. १९८४ मध्ये मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह याच नियमाने बसले. कार्पोव्ह नऊ डावांनंतर ४-० ने पुढे होता. मग ओळीने १७ बरोबऱ्या झाल्या. सप्टेंबरात सुरू झालेली लढत फेब्रुवारीपर्यंत चालली. ४८ डाव, त्यात ४० बरोबऱ्या, धावफलक ५-३. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी फिडेचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी निकालाविनाच ती थांबवली. दोघांच्या लढतीत बरोबरीला शून्य दिले म्हणजे खेळाडू पेटून उठतो असे नाही. आपल्याला काही मिळाले नाही, पण समोरच्यालाही मिळाले नाही, एवढ्यावर तो उद्याची वाट पाहत बसू शकतो. अनेकांच्या स्पर्धेत मात्र तसे करता येत नाही, कारण आपण दोघे बसून राहिलो तर तिसरा पुढे जातो. गुण बदलण्याचा उपयोग झाला तर तो तिथेच होणार.

तीन, एक, शून्य

फुटबॉलमध्ये हा बदल इंग्लंडने १९८१ मध्ये केला. विश्वचषकात तो १९९४ पासून आला. बुद्धिबळात स्पेनमधल्या बिल्बाओने २००८ मध्ये मोठ्या स्पर्धेला तो लावला. तिथे टोपालोव्ह पहिला आला आणि आपला आनंद, जो त्या वेळी जगज्जेता होता, शेवटचा. पुढच्याच वर्षी लंडनच्या क्लासिक स्पर्धेनेही हीच मोजणी घेतली.

ही मोजणी माणसाच्या मनात काय बदलते? समजा, पटावर दोघे सारखे आहेत आणि एक धाडसी चाल दिसते आहे, जिच्यामुळे जिंकू शकतो किंवा हरू शकतो. जुन्या हिशोबात दोन डावांत एक जिंकला, एक हरला, तर गुण एक. दोन्ही बरोबरीत सोडवले तरी गुण एक. मग कशाला जीव धोक्यात घाला? नव्या हिशोबात एक जिंकून एक हरला तर तीन, दोन बरोबऱ्यांचे मात्र दोनच. इतकेच काय, तीन डावांत एक जिंकून दोन हरलो तरी तीन गुण होतात, म्हणजे तिन्ही बरोबरीत सोडवल्याइतके. धाडस एवढे स्वस्त केले की ते करणारे वाढणारच.

पण याचे दुसरे टोक २०१० मध्ये लंडनलाच दिसले. आठ खेळाडू, सात फेऱ्या. कार्लसनने चार जिंकले, एक बरोबरीत सोडवला, दोन हरला. आनंदने दोन जिंकले, पाच बरोबरी, हार नाही. इंग्लंडच्या ल्यूक मॅकशेनचेही तेच: दोन विजय, पाच बरोबऱ्या. जुन्या मोजणीत तिघांचेही साडेचार-साडेचार. नव्या मोजणीत कार्लसन १३, आनंद आणि मॅकशेन ११-११. कार्लसन विजेता. आणि तो जे दोन डाव हरला ते कोणाशी? एक मॅकशेनशी, एक आनंदशी. ज्या दोघांनी त्याला समोरासमोर हरवले आणि जे स्वतः कोणाकडून हरले नाहीत, ते दोघे त्याच्या मागे.

हे न्याय्य की अन्याय्य, यावर आमच्या शिक्षक खोलीत दोन दिवस वाद चालला. विज्ञानाचे शिक्षक म्हणाले, नियम सर्वांना आधी ठाऊक होता, मग तक्रार कसली? त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. तरी आम्हाला वाटते, की आनंदच्या पाच बरोबऱ्यांना आठ चालींच्या बरोबरीची शिक्षा मिळाली. तीन-एक-शून्यला लढून झालेली बरोबरी आणि ठरवून झालेली बरोबरी यांतला फरक कळत नाही. जिल्हा परिषद शाळेच्या त्या मुलीचा दीड तासाचा अर्धा गुण नव्या मोजणीत आमच्या मुलीच्या दहा मिनिटांच्या अर्ध्यासारखाच स्वस्त झाला असता. एस.टी.तला प्रश्न जिथल्या तिथे.

आणखी एक चोरवाट या मोजणीत आहे, ती आम्हाला पुस्तकातून नव्हे, आमच्या नववीच्या वर्गाने शिकवली. गेल्या वर्षी आंतरवर्गीय स्पर्धेत आम्ही हौसेने तीन-एक-शून्य लावले आणि प्रत्येक जोडीने दोन डाव खेळायचे ठरवले, एकदा पांढऱ्याने, एकदा काळ्याने. नववीत दोन चुलतभाऊ आहेत, एकाच पाटीवर बसणारे. पहिल्या दिवशी धाकटा चार चालींत मात खाऊन बसला. दुसऱ्या दिवशी थोरला तशीच मात खाऊन बसला. दोघांना तीन-तीन गुण! दोन बरोबऱ्या केल्या असत्या तर दोन-दोनच मिळाले असते. चालींची नोंद ठेवणाऱ्या मुलीने दोन्ही कागद आमच्यापुढे ठेवले. चाली अक्षरशः सारख्या होत्या. विचारल्यावर थोरला शांतपणे म्हणाला, "सर, नियमात कुठे लिहिलंय की हरायचं नाही?" लिहिलेले नव्हते. जुन्या मोजणीत दोन मित्रांनी संगनमत केले तर बरोबरी होते आणि ती निदान दिसते तरी. नव्या मोजणीत संगनमताचा भाव वाढतो आणि ते विजयाचे कपडे घालून येते.

अमेरिकेत आणखी एक मोजणी सुचवली गेली होती, बॅप नावाची: काळ्याने जिंकला तर तीन, पांढऱ्याने जिंकला तर दोन, बरोबरीत काळ्याला एक आणि पांढऱ्याला शून्य. पहिली चाल ज्याच्या हाती त्यानेच डाव पेटवावा, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण पालकांना हा गुणफलक समजावून सांगायची वेळ आमच्यावर येऊ नये.

नॉर्वेतल्या स्पर्धेने २०१९ पासून निराळीच वाट धरली आहे. आता तिथे जिंकणाऱ्याला तीन गुण. बरोबरी झाली तर दोघांना एकेक आणि लगेच त्याच दोघांचा एक झटपट डाव. त्यात पांढऱ्याला दहा मिनिटे, काळ्याला सातच, पण बरोबरी झाली तर ती काळ्याची जीत. त्या विजेत्याला आणखी अर्धा. म्हणजे बरोबरी करून लवकर घरी जाता येत नाही. २०२५ मध्ये तिथे आपल्या गुकेशने कार्लसनला पूर्ण वेळेच्या डावात हरवले आणि कार्लसनने टेबलावर मूठ आपटली, ते दृश्य घराघरांत पाहिले गेले. शेवटी कार्लसन १६ गुणांनी पहिला, कारुआना १५.५ गुणांनी दुसरा. अर्धा गुण तिथेही आलाच. प्रेक्षकांना ही पद्धत आवडते. आम्हालाही बघायला आवडते. पण चार तास विचार करून सोडवलेल्या डावानंतर दहा मिनिटांच्या धावपळीने माणसांत फरक करणे म्हणजे निबंधात दोघांना सारखे गुण पडले म्हणून शुद्धलेखनाची शर्यत लावण्यासारखे आहे.

विजेता एकच हवा असेल तिथे मात्र ही शर्यत टळत नाही. २०१८ मध्ये कार्लसन आणि कारुआना यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत बाराही डाव बरोबरीत सुटले. निकाल जलद डावांनी लावला. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तोही असाच: कोनेरू हम्पीबरोबरचे दोन मोठे डाव बरोबरीत, मग जलद डावांत विजय. त्या विजयाने दिव्या भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

गुण न बदलताही काही करता येते. २००५ मध्ये बल्गेरियाची राजधानी सोफिया येथील स्पर्धेत आयोजकांनी बरोबरीचे बोलणेच बंद केले. खेळाडूंनी एकमेकांना विचारायचे नाही. पटावर आता काही उरले नाही असे वाटले तर पंचाला सांगायचे. पंच पाहून ठरवील. अर्धा गुण तसाच, फक्त तो माणसाकडून न मागता पटाकडून मिळवायचा. चालींची मर्यादा हा याचाच सौम्य भाऊ: जगज्जेतेपदाच्या अलीकडच्या लढतींत ४० चालींपूर्वी आपसात बरोबरी ठरवता येत नाही. पळवाट तीच जुनी, तीनदा तीच स्थिती. २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांचा दुसरा डाव असाच २३ चालींत संपला. पण तसे करायला पटावर निदान कारण लागते आणि बघणाऱ्यांना ते तपासता येते.

कारणच नसेल तर काय होते ते डिसेंबर २०२३ मध्ये समरकंदला दिसले. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत नेपोम्नियाश्ची आणि दुबोव्ह या दोन रशियन मित्रांनी डाव सुरू केला आणि फक्त घोडे हलवत राहिले. घोडे बाहेर, घोडे आत, पुन्हा बाहेर, पुन्हा घरी. तेरा चालींत बरोबरी. मुख्य पंचांनी दोघांना शून्य दिले. पॅरिसचे १८६७ चे शून्य, पण एवढ्या एका डावापुरते. आम्हाला हा निर्णय सर्व मोजण्यांपेक्षा शहाणा वाटतो, कारण त्यात बरोबरीला नव्हे, न खेळण्याला शून्य मिळाले.

आणि दोघांचे गुण सारखे झालेच, तर जास्त विजय असणाऱ्याला वर ठेवावे, ही तडजोडही आम्हाला मान्य आहे. २०१३ मध्ये लंडनच्या स्पर्धेत कार्लसन आणि क्रामनिक दोघांचेही ८.५ गुण झाले, आपसातल्या दोन डावांतही दोघे बरोबरीत. कार्लसनने पाच जिंकले होते, क्रामनिकने चार. त्या एका विजयावर कार्लसन चेन्नईला आनंदसमोर येऊन बसला आणि जगज्जेता होऊन गेला. गंमत अशी, की शेवटच्या फेरीत दोघेही हरले होते. बरोबरी मागण्याची दोघांनाही गरज होती, पण ज्यांच्याशी ते खेळत होते त्यांना नव्हती.

पालकांसाठी एक गोष्ट इथे सांगायला हवी. मूल स्पर्धेहून आले की आपण विचारतो, "किती गुण झाले?" शेवटच्या फेरीआधी शाळेचे शिक्षक आणि शिकवणीवाले सर कोपऱ्यात घेऊन जे कानात सांगतात, ते त्याच प्रश्नाची तयारी असते. आम्हीही तेच केले. आमची मुलगी विभागीय स्पर्धेत पहिले दोन डाव हरली आणि तिसऱ्यात बारा चालींनंतर समोरच्या मुलीने बरोबरी विचारली, तेव्हा तिने नाही म्हटले. तो डावही ती हरली. घरी आल्यावर त्या तिसऱ्या डावाविषयीच ती सर्वांत जास्त बोलली. सत्तेचाळीस चाली तिला तोंडपाठ होत्या.

यंदाच्या आंतरवर्गीय स्पर्धेत तीन-एक-शून्य नाही. विजयाला एक, बरोबरीला अर्धा, हरल्यास शून्य. समान गुण झाले तर जास्त विजय असणारा वर. खेळाडूंनी बरोबरीविषयी एकमेकांशी बोलू नये. पटावर काही उरले नाही असे वाटल्यास घड्याळ थांबवून हात वर करावा, पंच पाहतील. न खेळता सोडलेल्या डावाला दोघांनाही शून्य. फलक लिहायचे काम त्याच मुलीकडे दिले, आता ती दहावीत आहे आणि तिचे अक्षर चांगले आहे. दुपारी जाऊन पाहिले तर आम्ही सांगितलेल्या नियमांखाली तिने स्वतःचा एक नियम लाल खडूने वाढवला होता: "शेवटच्या फेरीआधी शिक्षकांनी खेळाडूंशी बोलू नये."

आम्ही तो पुसला नाही.